परस्परविरोधी शक्ती, समतोल आणि शांती : यहुदी परंपरेची भूमिका

आपण विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे : सांख्य दर्शनात सत्त्व, रज आणि तम यांच्या साम्यावस्थेची कल्पना आहे, चिनी विचारात यिन आणि यांग आहेत; मग एकाच ईश्वराला मानणाऱ्या यहुदी धर्मात परस्परविरोधी शक्तींना जागा कोठे आहे, अंधार आणि दुष्टपणा कोणी निर्माण केला, आणि ‘शालोम’ (शांती) म्हणजे या शक्तींचा समतोल असे म्हणता येईल का? बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातील यहुदी, समाजातील मुलांना आणि प्रौढांना प्रार्थना व तोरा (मोशेची पाच पुस्तके) शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. वर्गात हा प्रश्न या ना त्या रूपाने येतोच, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

यहुदी परंपरा विरोधी शक्तींना भ्रम मानत नाही. त्या खऱ्या आहेत आणि त्या ईश्वरानेच निर्माण केल्या, असे ती मानते. मात्र त्यांना सारख्या वजनाच्या दोन पारड्यांत बसवत नाही. दोन्ही शक्ती एकाच धन्याच्या आज्ञेत, आपापल्या हद्दीत राहून काम करू लागल्या की त्या स्थितीला शांती म्हणायचे, आणि एखादी शक्ती हद्द मोडून स्वतंत्र कारभार करू लागली की अनर्थ ओढवतो, असा तिचा एकूण रोख आहे. त्यामुळे ‘समतोल’ हा शब्द येथे वापरता येतो, पण जपून. सांख्यांच्या मते गुणांची साम्यावस्था ढळली की सृष्टीचा आरंभ होतो. तोरेतील सृष्टीचा आरंभ मात्र वेगळे करण्यापासून होतो. प्रकाश अंधारापासून, वरचे पाणी खालच्या पाण्यापासून, जमीन समुद्रापासून वेगळी केली जाते, आणि ही विभागणी बिघाड म्हणून नव्हे, हेतुपुरस्सर केलेले काम म्हणून सांगितली आहे.

अंधार कोणी केला, या प्रश्नाला यशया संदेष्ट्याच्या 45व्या अध्यायात अगदी रोखठोक उत्तर आहे. प्रकाश घडवणारा मी, अंधार निर्माण करणारा मी, शांती करणारा मी आणि अनिष्टही निर्माण करणारा मीच, असे ईश्वर तेथे म्हणतो. हा अध्याय ज्याला उद्देशून सुरू होतो तो कोरेश, म्हणजे इ. स. पूर्व 539 मध्ये बाबेल जिंकून तेथील बंदिवान यहुद्यांना मायदेशी परतू देणारा पारसिक सम्राट. प्रकाशाची आणि अंधाराची सत्ता वेगवेगळ्यांकडे आहे, या इराणी कल्पनेला हे वचन उत्तर देते, असे अनेक अभ्यासकांना वाटते. तसे असो वा नसो, पुढच्या काळातील बाबेलच्या यहुदी पंडितांचा या विचाराशी प्रत्यक्ष संबंध आला, हे तालमूद या पंडितांच्या चर्चांच्या संग्रहातून दिसते. त्यातील सान्हेद्रिन या ग्रंथात (पुढे येणारे बेराखोथ, योमा आणि येवामोथ हेही त्याचेच भाग) एक मजेदार संवाद आहे. एक इराणी धर्मगुरू अमेमार नावाच्या पंडिताला म्हणाला, ‘तुमच्या कमरेच्या वरचा भाग होरमिझचा आणि खालचा अहरिमनचा.’ (होरमिझ प्रकाशाचा स्वामी, अहरिमन अंधाराचा.) अमेमारने विचारले, ‘मग अहरिमन आपल्या मुलखातून होरमिझचे पाणी वाहून जाऊ कसे देतो?’ हा विनोद ऐकून मुंबईतील आपले पारशी शेजारी नक्कीच हरकत घेतील, कारण त्यांचा धर्म इतका ढोबळ नाही. पण अमेमारचा मुद्दा पक्का आहे : शरीर एक असून दोन मालकांनी वाटून घेतलेले असते, तर ते एक दिवसही चालले नसते.

यशयाचे हेच वचन रोज सकाळच्या प्रार्थनेत, शमाच्या, म्हणजे ईश्वर एकच आहे या घोषणेच्या, आधीच्या पहिल्या आशीर्वादात येते, मात्र थोडा बदल होऊन. ‘अनिष्ट निर्माण करणारा’ याऐवजी आपण ‘सर्व काही निर्माण करणारा’ असे म्हणतो. बेराखोथ या ग्रंथात पंडितांनी या बदलाची चर्चा केली आहे. तेथे विचारले आहे की सौम्य शब्दच हवा असेल, तर अंधाराचे नावही का गाळू नये? त्यावर रावा नावाचा पंडित उत्तर देतो की दिवसा रात्रीची आठवण ठेवावी आणि रात्री दिवसाची. म्हणून सकाळी उजेडात उभे राहून आपण अंधाराच्या निर्मात्याला धन्यवाद देतो, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत अंधारापुढून प्रकाश दूर सारणाऱ्या आणि प्रकाशापुढून अंधार दूर सारणाऱ्याचे स्मरण करतो. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की विरोधी शक्तींविषयीची यहुदी भूमिका शिकायची असेल, तर गूढ ग्रंथांच्या आधी प्रार्थनेच्या पुस्तकातील ही दोन वाक्ये नीट म्हणायला शिका.

विभागणी आवश्यक असली तरी ती बिनखर्चाची नाही, हेही परंपरेने सांगून ठेवले आहे. तोरेतील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात ‘देवाने पाहिले की ते चांगले आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येते, पण दुसऱ्या दिवशी ते येत नाही. त्या दिवशी पाण्याची पाण्यापासून फाळणी झाली. बेरेशीथ राब्बा या मिद्राशात, म्हणजे पंडितांच्या भाष्यग्रंथात, रब्बी हनिना म्हणतात की त्या दिवशी फूट निर्माण झाली, म्हणून ‘चांगले’ हा शेरा नाही. आणि जगाच्या भल्यासाठी केलेल्या विभागणीलाही हा शेरा मिळत नसेल, तर जगाचा घोळ करणाऱ्या फुटीचे काय सांगावे, असा निष्कर्ष दुसरा एक पंडित काढतो. तिसरा जण वेगळेच कारण देतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचे काम अपुरे राहिले होते. तिसऱ्या दिवशी पाणी एका जागी जमले, कोरडी जमीन वर आली आणि तिच्यावर हिरवळ उगवली, म्हणून त्या दिवशी ‘चांगले’ दोनदा लिहिले गेले. आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, लग्न करणे शुभ, हा अनेक यहुदी समाजांतील समज या दुहेरी शेऱ्यातून आला आहे. अर्थात या तिघांपैकी कोणीही ती फाळणी रद्द करून दोन्ही पाणी पुन्हा एक करावे, असे म्हणत नाही.

माणसाच्या आतल्या शक्तींकडे वळल्यावर हा विचार अधिक धीट होतो. पंडितांच्या मते माणसात दोन प्रवृत्ती असतात : येत्सेर टोव, म्हणजे सत्प्रवृत्ती, आणि येत्सेर हारा, म्हणजे दुष्प्रवृत्ती. दुसरीला सैतानाची घुसखोरी समजणे चुकीचे ठरेल. सहाव्या दिवशी सर्व सृष्टी पाहून ‘फार चांगले’ असे म्हटले आहे, त्यातील ‘फार’ कशासाठी, असे विचारून मिद्राश उत्तर देतो की ते येत्सेर हाराविषयी आहे, कारण ती प्रवृत्ती नसती तर माणसाने घर बांधले नसते, लग्न केले नसते, मुले झाली नसती, व्यापार-उदीमही झाला नसता. आणि ‘पूर्ण अंतःकरणाने ईश्वरावर प्रेम कर’ या आज्ञेचा अर्थ मिश्ना, म्हणजे तालमूदाच्या मुळाशी असलेला नियमसंग्रह, असा लावते की दोन्ही प्रवृत्तींनिशी प्रेम कर.

या विषयावरची योमा ग्रंथातील कथा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांच्या पुढाऱ्यांनी उपास आणि प्रार्थना करून आधी मूर्तिपूजेच्या ओढीला आपल्या ताब्यात मिळवले. मग वेळ अनुकूल आहे असे पाहून त्यांनी कामवासनाही मागितली, आणि तीही त्यांच्या हाती आली. त्यांना ताकीद मिळाली की हिला ठार केलेत तर जग संपेल. त्यांनी तिला तीन दिवस कोंडून ठेवले. त्या तीन दिवसांत इस्राएलच्या साऱ्या देशात एका आजाऱ्यासाठी ताजे अंडे शोधले, तर एकही मिळाले नाही, कारण कोंबड्यांनी अंडी घालणेच थांबवले होते. आता काय करावे, याची ते चर्चा करू लागले. मारावे तर जग बुडते. अर्धी ओढ ठेवावी, म्हणजे वैध संबंधापुरती राहील आणि अवैध ठिकाणी राहणार नाही, अशी प्रार्थना करावी का? त्यावर ते स्वतःच म्हणाले, ‘स्वर्गातून अर्धे दिले जात नाही.’ अखेर त्यांनी तिचे डोळे अधू करून तिला सोडून दिले, आणि त्याचा इतकाच उपयोग झाला की माणूस आपल्या जवळच्या आप्तांविषयी वासना धरेनासा झाला.

‘अर्धे दिले जात नाही’ या वाक्यावर थोडे थांबायला हवे. समतोल म्हटले की आपल्या मनात मोजमाप येते, म्हणजे हिचे थोडे, तिचे थोडे. येथे पंडित तो मार्ग सुचवून लगेच फेटाळतात. शक्ती मिळते ती अख्खी मिळते. माणसाच्या हाती आहे ते तिला मर्यादा घालणे. विवाह, कोशेर (धर्मसंमत) आहाराचे नियम, शब्बाथचा, म्हणजे शनिवारचा, विश्राम, व्याजबंदी हे सर्व या दृष्टीने पाहिले, तर भूक, श्रम आणि लाभ यांपैकी काहीही निषिद्ध नाही आणि काहीही मोकाट नाही. कोकणात आमच्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आठवड्याचे इतर दिवस घाणा चालायचा आणि शनिवारी थांबायचा. घाणा वाईट म्हणून तो थांबत नसे.

ईश्वराच्या बाबतीतही परंपरा दोन गुणांविषयी बोलते : दीन, म्हणजे कठोर न्याय, आणि रहमिम, म्हणजे दया. बेरेशीथ राब्बात एक दृष्टान्त आहे. एका राजाकडे पातळ प्याले होते. गरम पाणी ओतले तर ते फुटतील आणि थंड ओतले तर आकसून तडकतील, म्हणून त्याने गरम आणि थंड मिसळून ओतले, आणि प्याले टिकले. तसेच ईश्वर म्हणाला की केवळ दयेने जग घडवले तर पापे बोकाळतील, केवळ न्यायाने घडवले तर जग टिकणार कसे. म्हणून दोन्हींनी घडवतो, आणि ‘टिकले म्हणजे मिळवली’. हे शेवटचे शब्द मी मराठी वळणाने दिले आहेत, पण मूळ सूरही असाच धाकधुकीचा आहे. दोन्ही गुणांचे मिश्रण झाले म्हणून यश ठरलेलेच आहे, अशी हमी निर्मात्याच्याही तोंडी घातलेली नाही.

हा धागा पुढे काब्बालाने, म्हणजे यहुदी गूढविद्येने, फार ताणून धरला. 13व्या शतकात स्पेनमध्ये प्रसिद्धीस आलेल्या झोहर या ग्रंथाच्या परंपरेत हेसेद, म्हणजे वाहती कृपा, उजवीकडे, गेवुरा, म्हणजे आवर घालणारी शक्ती, डावीकडे, आणि दोघींना जोडणारी तिफेरेथ मध्ये असते. अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याशी त्यांची अनुक्रमे सांगड घातली जाते. आवर घालणारी शक्ती कृपेपासून तुटून एकटीच वागू लागली की त्यातून ‘सित्रा अहरा’, म्हणजे ‘दुसरी बाजू’, बळावते, असे या परंपरेचे म्हणणे आहे. दुष्टपणाला येथे वेगळा निर्माता नाही; जोडीतून निसटलेली पवित्र शक्तीच दुष्ट होते. साफेद येथील इसहाक लुरिया (1534–1572) यांनी याला निर्मात्याचा संकोच, पात्रांचे फुटणे आणि दुरुस्ती अशी मोठी कथा जोडली, तिच्या तपशिलात येथे जात नाही. आजकाल या सेफिरोथांच्या, म्हणजे हेसेद-गेवुरासारख्या ईश्वरी शक्तींच्या, रंगीत आकृत्या सर्वत्र दिसतात, आणि त्या पाहून विषय समजला असे वाटते. माझ्या मते त्यांपेक्षा ओमेरची मोजणी अधिक शिकवते. पेसाह (मिसरमधून सुटकेचा सण) याच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओथ (तोरा मिळाल्याचा सण) येईपर्यंत 49 दिवस रोज मोजायचे असतात. काब्बालानुसार पहिला आठवडा हेसेदचा, पण त्यातील दुसरा दिवस ‘हेसेदमधील गेवुरा’चा. म्हणजे माझ्या औदार्यात आवर कितपत आहे, हे त्या दिवशी तपासायचे. पुढच्या आठवड्याचा पहिला दिवस ‘गेवुरामधील हेसेद’चा, तेव्हा माझ्या शिस्तीत माया आहे का, ते पाहायचे. विद्यार्थ्याच्या हाती रोजचा एक प्रश्न पडतो, आणि तेवढे पुरते.

आता प्रत्यक्ष शांतीविषयी. ‘जो आपल्या उंच स्थानी शांती करतो, तो आम्हांवर शांती करो’ हे वाक्य आपण अमिदा या उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेच्या आणि कद्दीश या ईश्वरस्तुतीच्या शेवटी म्हणतो. त्याचा पहिला भाग ईयोबाच्या पुस्तकाच्या 25व्या अध्यायातून घेतला आहे. यावर पंडितांनी विचारले की स्वर्गात भांडण कोणाचे, म्हणून तेथे शांती करावी लागते? मिद्राशाचे उत्तर असे की मिखाएल हिमाचा आणि गाब्रिएल अग्नीचा. दोघे शेजारी उभे राहतात आणि एकमेकांना इजा करत नाहीत. मिसर देशावर पडलेल्या गारांविषयीही हेच सांगितले आहे. तोरेतील निर्गम या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात गारांच्या आत अग्नी धगधगत होता असे वर्णन आहे, आणि मिद्राश म्हणतो की अग्नी आणि गारा यांनी आपल्या कर्त्याची कामगिरी पार पाडण्यासाठी आपापसांत तह केला. येथे बर्फ वितळून कोमट पाणी झाले नाही आणि आगही विझली नाही. स्वभाव तसेच राहिले आणि धन्याचे काम झाले. त्या कामगिरीने मिसरवर विध्वंस आणला, हे वाचकाने विसरू नये; या अर्थाची शांती दर वेळी गोड असतेच असे नाही.

हे वाक्य म्हणताना शरीराने काय करायचे, तेही ठरलेले आहे. उपासक डावा पाय आधी उचलून तीन पावले मागे सरतो, मग डावीकडे वाकतो, उजवीकडे वाकतो आणि शेवटी समोर वाकतो. डावीकडे आधी का? योमा ग्रंथात याचे कारण दिले आहे : आपण ईश्वरासमोर उभे असतो, म्हणून आपली डावी बाजू ती त्याची उजवी. स्वतःच्या उजव्या बाजूला आधी मान देणाऱ्या अबाये या पंडिताला रावाने तेथे दुरुस्त केले आहे. लहान मुलांना हे शिकवताना मी त्यांना समोरासमोर उभे करतो, मग सांगावे लागत नाही. शांती मागणाऱ्याने आधी मागे सरावे आणि समोरच्याच्या बाजूने दिशा ठरवावी, असा अर्थ पुष्कळ गुरुजनांनी या कृतीतून काढला आहे, आणि तो मला पटतो.

यहुदी परंपरेत शांतीची खरी ओढाताण सत्याशी होते, आणि हे फारसे कोणी सांगत नाही. माणूस निर्माण करावा की नाही, यावर देवदूतांत तट पडले, असे मिद्राश सांगतो. कृपा म्हणाली, निर्माण करावा, तो कृपेची कामे करील. सत्य म्हणाले, नको, तो असत्याने भरलेला आहे. न्यायबुद्धी म्हणाली, करावा. आणि शांती म्हणाली, नको, तो सगळा भांडणच आहे. ईश्वराने सत्याला उचलून पृथ्वीवर टाकले आणि माणूस निर्माण केला. शांतीनेच माणसाच्या निर्मितीला विरोध केला होता, हा तपशील माझ्या वर्गातील लोकांना नेहमी धक्का देतो. उपदेशाच्या भाषेत शांती म्हणजे सर्वांत मनमिळाऊ गुण. येथे ती ‘नको’ म्हणणाऱ्या पक्षात बसली आहे.

सत्याशी होणारी ओढाताण व्यवहारात कशी दिसते, ते पाहू. मोशेचा भाऊ आहरोन याजक भांडण कसे मिटवत असे, याचे वर्णन आवोथ दे-रब्बी नाथान या ग्रंथात आहे. दोघांचे वैर झाले की तो एकाजवळ जाऊन बसे आणि म्हणे, ‘बाळा, तुझा मित्र काय म्हणतो ते ऐक. तो ऊर बडवून घेतो आहे, वस्त्रे फाडतो आहे आणि म्हणतो आहे की मी त्याचा अपराधी आहे, त्याला तोंड कसे दाखवू?’ मग दुसऱ्याकडे जाऊन हेच सांगे. पुढे ते दोघे भेटले की एकमेकांच्या गळ्यात पडत. आहरोन जे सांगत होता ते त्या क्षणी घडलेले नव्हते, हे उघड आहे. येवामोथ या ग्रंथात शांतीसाठी शब्द बदलण्याची मुभा दिली आहे, आणि त्यासाठी खुद्द ईश्वराचा दाखला दिला आहे : सारा आपल्या नवऱ्याला म्हातारा म्हणाली होती, पण अब्राहामाला सांगताना ते तिच्याच म्हातारपणाविषयीचे बोलणे झाले. मात्र ही मुभा पैशाच्या आणि हक्काच्या व्यवहाराला लागू नाही.

मतभेदाच्या बाबतीत तालमूदाची भूमिका प्रसिद्ध आहे. हिल्लेल आणि शम्माय या दोन पंडितांच्या पीठांत दीर्घ वाद चालला, तेव्हा आकाशवाणी झाली की ही आणि ती, दोन्ही जिवंत ईश्वराचीच वचने आहेत, तरी आचार हिल्लेलच्या पीठाप्रमाणे ठरावा. कारण ते सौम्य होते आणि आपल्या मताआधी प्रतिपक्षाचे मत शिकवत. लोक यातील पहिला अर्धा भाग उचलतात आणि दुसरा विसरतात. दोन्ही मते खरी असली, तरी स्वयंपाकघरात आणि विवाहात एकच नियम चालवावा लागतो. याउलट मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाचे बंड ‘स्वर्गासाठी नसलेला वाद’ म्हणून मिश्नेने बाजूला काढले आहे, म्हणजे प्रत्येक विरोधाला पवित्र ठरवण्याची सोयही ठेवलेली नाही.

आपला शेवटचा उपप्रश्न होता, की मग मधला मार्गच नेहमी बरा का? यहुदी तत्त्वज्ञ आणि धर्मशास्त्रकार मायमोनिदिस (1138–1204) यांनी मधल्या मार्गाला थेट ‘ईश्वराचा मार्ग’ म्हटले आहे : कंजूषही नसावे आणि उधळ्याही नसावे. पण त्याच विवेचनात पुढे ते दोन अपवाद करतात. गर्व आणि राग यांच्या बाबतीत मध्यावर थांबू नये, दुसऱ्या टोकाला जावे. मोशेला नुसते नम्र न म्हणता ‘अतिशय नम्र’ म्हटले आहे, याकडे ते लक्ष वेधतात.

न्यायालयात हा प्रश्न सर्वांत व्यवहारी रूप घेतो. सान्हेद्रिन ग्रंथात एक रब्बी म्हणतो की न्यायाधीशाने तडजोड करणे पाप आहे, ‘न्यायाने डोंगर भेदावा’, मोशेची रीत तीच होती. दुसरा म्हणतो की तडजोड हे पुण्य आहे, कारण निखळ न्यायात शांती नसते आणि निखळ शांतीत न्याय नसतो. दोन्ही एकत्र तडजोडीतच सापडतात. नंतरच्या धर्मशास्त्राने, विशेषतः 16व्या शतकातील शुल्हान आरूख या नियमग्रंथाने, दोघांनाही आपापली वेळ वाटून दिली. खटला उभा राहताच न्यायाधीशाने दोन्ही पक्षांना विचारावे की निवाडा हवा की तडजोड. निकाल जाहीर होईपर्यंत तडजोडीकडे वळवणे हे पुण्यकर्म आहे. निकाल जाहीर झाल्यावर मात्र त्याने तडजोड सुचवायची नाही. त्यानंतरही समेट घडवायचा असेल, तर तो न्यायाधीश नसलेल्या दुसऱ्या कोणी आणि न्यायालयाच्या जागेबाहेर घडवावा.